तीन लाख अठ्ठेचाळीस हजार सहाशे सतरा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर चहाबरोबर तोंडी लावायला. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या काकांना विहिरीपाशी हाक येते... मी वाचायचो आणि बायकोला म्हणायचो, या लोकांच्या घरातलं अर्थिंग तपासायला हवं. ती चिडायची. पण माझा धंदाच तसा आहे. मी ट्रकचं वायरिंग करतो. ज्या गोष्टीला व्होल्टेज नाही ती गोष्टच नाही, एवढं साधं माझं तत्त्वज्ञान. गाडी बिघडली की एक तर वायर तुटलेली असते, नाहीतर पिनला गंज लागलेला असतो, नाहीतर आधीच्या मेकॅनिकने शेण खाल्लेलं असतं. पंचवीस वर्षांत चौथं कारण मला भेटलं नव्हतं.

माझं नाव नंदू समजा. मुलुंड पूर्वेला राहतो. वडील सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते, मुलाने टाय लावून कामावर जावं अशी त्यांची फार इच्छा. मी डिप्लोमा केला आणि ट्रकखाली झोपायला लागलो. चेकनाक्याजवळ माझा दहा बाय बाराचा गाळा आहे. सकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात सोडत नाहीत, त्यामुळे नाक्यावर ट्रकची रांग लागते आणि ड्रायव्हर लोक अकरा वाजायची वाट बघत बसतात. माझं निम्मं काम त्या दोन-तीन तासांत होतं.

पास्कल त्यातलाच. पण तो गिऱ्हाईक नव्हता, आम्ही पहिलीपासून एका बाकावर. भांडुपच्या गावठाणातला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती, सात पिढ्या तिथल्याच. घरात मराठी, चर्चमध्ये मराठी, शिव्यासुद्धा मराठीच. त्याचा स्वतःचा सहा चाकी ट्रक होता. भिवंडीच्या गोडाऊनमधून खाद्यतेलाचे डबे भरायचे आणि अंधेरी, गोरेगाव, बोरिवलीच्या दुकानदारांना पोचवायचे. केबिनमध्ये आरशाला जपमाळ आणि खाली बंपरला लिंबू-मिरची. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाला, "दोन्हीकडे सेटिंग असलेली बरी रे."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारीतली. पास्कल सकाळी आठच्या सुमाराला आला आणि म्हणाला, "नंदू, गाडी सकाळी सकाळी चालूच होत नाही यार. चार-चार सेल्फ मारावे लागतात. आणि पवईचा चढ आला की मेलेल्या माणसासारखी चढते."

मी स्कॅनर लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजकालच्या ट्रकमध्ये एक छोटा कॉम्प्युटर असतो. काही बिघडलं की तो त्या बिघाडाचा एक कोड ठेवतो आणि त्याबरोबर त्या क्षणाचे सगळे आकडे लिहून ठेवतो. गाडीचा वेग किती होता, इंजिन किती फिरत होतं, तापमान किती, गाडी किती किलोमीटर चालली होती. फोटो काढून ठेवल्यासारखं. आम्हाला त्यावरून कळतं की गडबड कधी आणि कुठल्या परिस्थितीत झाली.

कोड आला, डिझेलचं प्रेशर कमी. इंजिनवर एक जाड नळी असते, तिच्यातून डिझेल प्रचंड दाबाने आत जातं. त्या नळीच्या टोकाला प्रेशर मोजणारा सेन्सर असतो, सुपारीएवढा. तो खोटं बोलायला लागला की कॉम्प्युटरचा गोंधळ होतो आणि गाडी मान टाकते. अगदी रोजचा बिघाड. मी पास्कलला म्हणालो, सेन्सर गेला, नवीन टाकू.

मग मी ते आकडे बघितले. वेग शून्य. इंजिन मिनिटाला ६१२ फेऱ्यांवर. तापमान ८६. डिझेलचं प्रेशर ३५१. गाडी जागेवर उभी राहून आरामात फिरत असेल तर ते तेवढंच असायला पाहिजे. म्हणजे प्रेशर कमी असल्याची तक्रार आणि आकडा मात्र एकदम निरोगी... हे पहिलं विचित्र. आणि खाली किलोमीटर, ३,४८,६१७.

मी वाकून केबिनमधला मीटर बघितला. ३,४७,९०२.

"पास्कू, मीटर बदललास काय?"

"कशाला बदलू? गाडी विकायची आहे का मला?"

"मग तुझी गाडी सातशे किलोमीटर पुढचं बोलतेय."

तो हसला. "अरे वा. म्हणजे सातशे किलोमीटर तर नक्की चालेल. झकास. टाक तो सेन्सर."

मीही हसलो. स्कॅनरची चूक असणार, दुसरं काय. पार्टवाल्याला कोडचा फोटो पाठवल्याशिवाय तो माल पाठवत नाही. कुणी चुकीचा सेन्सर घेऊन गेला की परत करताना भांडण होतं, म्हणून त्याचा तो नियमच आहे. मी नेहमीप्रमाणे स्क्रीनचा फोटो काढला आणि त्याला टाकला. तो फोटो आजही माझ्या फोनमध्ये आहे, तारखेसकट. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हे वाचून पहिला प्रश्न तोच येणार.

सेन्सर यायला तासभर लागला. तोवर केबिन उचलायची होती. ट्रकचं इंजिन केबिनच्या खाली असतं, बाजूला एक दांडा घालून हाताने पंप मारत मारत सगळी केबिन पुढे झुकवावी लागते. पास्कल म्हणाला, मी मारतो. वीस-पंचवीस हात मारले असतील आणि थांबला. स्टेपनीवर बसला. घाम आला होता. जानेवारीत, सकाळी नऊ वाजता.

"काय रे?"

"काही नाही. दम लागतो हल्ली. आणि इथे..." त्याने जबड्याखाली हात लावला, डाव्या बाजूला. "इथे ओढल्यासारखं होतं. ॲसिडिटी आहे."

"वडापाव कमी कर."

"वडापाव कमी केला तर जगायचं कशाला?"

आमचं एवढंच बोलणं झालं. मी सेन्सरची पिन काढत होतो, तीन वायरी असतात, पाच व्होल्ट येतायत का, अर्थिंग बरोबर आहे का ते बघत होतो. जुना सेन्सर हलवला की आकडा उड्या मारत होता, म्हणजे तो खरोखरच खराब होता. मला बरं वाटलं. आजारी गोष्ट सापडली की आमच्यासारख्या माणसाला बरं वाटतं. नवीन सेन्सर आला, आजूबाजूची घाण फुंकून काढली, कारण मातीचा एक कण आत गेला तरी इंजिनाची वाट लागते. हाताने सुरुवात केली, मग पान्याने आवळला. किल्ली फिरवली, प्रेशर शून्य. बरोबर. हातपंपाने डिझेल वर घेतलं, सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू.

कोड क्लीअर केला. आमच्यात पद्धत आहे, कोड क्लीअर केल्याशिवाय गाडी दारातून बाहेर सोडायची नाही. नाहीतर पुढच्या चौकात मीटरजवळचा बिघाडाचा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. क्लीअर केलं, ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. गाडी मस्त ओढत होती. पास्कल खूश होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. दिवा पुन्हा लागला.

तोच कोड. वेग शून्य, इंजिन ६१२, तापमान ८६, प्रेशर ३५१, किलोमीटर ३,४८,६१७. एकही आकडा इकडचा तिकडे नाही. गाडीत काहीही बिघाड नव्हता. सकाळी लगेच चालू होत होती, चढ चढत होती.

मी पुन्हा क्लीअर केलं. तीन दिवसांनी पुन्हा तेच. मग मात्र मी चिडलो. माझा स्वभाव असा आहे की कोडं सुटलं नाही की मला जेवण जात नाही. पार्टवाल्याकडून सेन्सर बदलून आणला, दुसरा नवा टाकला. इंजिनपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर इंच इंच तपासली. माझा स्कॅनर येडा असेल म्हणून शेजारच्या गाळ्यातला मागून आणला. त्याच्यावरही तेच. ओळखीचा एक सर्व्हिस इंजिनिअर आहे, त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "बग असतात हो. मेमरी करप्ट झाली असेल. काहीतरी फालतू आकडा घेऊन बसलाय."

"फालतू आकडा असेल तर एखादा काहीतरी पंचाहत्तर लाख वगैरे यायला पाहिजे ना? हा तर आठवड्याभरात येणारा आहे."

तो म्हणाला, "योगायोग." आणि त्याला दुसरा फोन आला.

तेव्हा जेमतेम साडेतीनशे किलोमीटर राहिले होते. पास्कल दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर चालवायचा. मी बायकोला सांगितलं नाही, ती लगेच कुणाकडे तरी घेऊन गेली असती. पण रात्री झोपताना मी वजाबाकी करत होतो, हे कबूल करतो. मला भुताची भीती नव्हती. मला भीती होती ती गाडी चालता चालता बंद पडण्याची. पवईच्या उतारावर, मागे दहा टन तेल आणि पुढे शाळेची बस, आणि इंजिन बंद पडलं तर ब्रेकसुद्धा नीट लागत नाही... असं काही. मग मला आठवायचं की वेग शून्य आहे. गाडी उभी आहे. उभ्या गाडीत काय होणार? फार तर पुन्हा चालू होणार नाही. या एका शून्याने मला किती धीर दिला ते सांगता येणार नाही. आम्ही लोक असंच वाचतो. वेग शून्य म्हणजे धोका नाही.

पास्कलला मी सगळं सांगितलं होतं. तो ऐकायचा आणि फिदीफिदी हसायचा. "तुझ्या मशीनमध्ये मुंजा शिरलाय काय रे?" एकदा मी त्याला म्हणालो, दोन दिवस गाडी उभी ठेव, मी सगळं वायरिंग नवीन करून देतो.

"आणि मग?"

"मग काय?"

"अरे, गाडी उभी ठेवली तर आकडा कुठे जाणार आहे? तिथेच थांबणार ना. आज नाही तर परवा त्याच्यावरून जायचंच आहे. उभी राहिली रस्त्यात तर टोचन लावून आणू, दुसऱ्या गाडीला बांधून. त्यात काय एवढं?"

त्याच्या बोलण्यात चूक काढता येईना. तो गाडीबद्दल बोलत होता, मीही गाडीबद्दलच बोलत होतो. दहा दिवसांत आम्ही दोघं जेवढं त्या गाडीबद्दल बोललो तेवढं चाळीस वर्षांत एकमेकांबद्दल बोललो नव्हतो. मधल्या काळात दोनदा तो गाळ्यात येऊन बाकड्यावर आडवा झाला होता. दुसऱ्या वेळी मी त्याला लिंबू सोडा आणून दिला आणि परत वायरीत डोकं घातलं.

शेवटच्या दिवशी तो नाक्यावर आला तेव्हा मीटर ३,४८,५९३ होता. माल दिंडोशीला द्यायचा होता. चेकनाका ते दिंडोशी, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, चोवीस-पंचवीस किलोमीटर. मी गाळा बंद केला, स्कॅनरचा टॅब घेतला आणि त्याच्या बाजूला जाऊन बसलो.

"तू येतोस? धंदा सोडून?"

"हो. बंद पडली तर जागेवरच पकडतो तिला."

"चल मग. कंपनी होईल."

साडेअकराला निघालो. ऊन होतं, रस्ता बऱ्यापैकी मोकळा. मी टॅब जोडला होता, प्रेशरचा आलेख समोर. पास्कल बोलत होता. मोठ्या मुलीचं, शेरीनचं, एप्रिलमध्ये लग्न होतं, हॉल मिळाला होता पण बँडवाल्याशी बोलायचं राहिलं होतं. गावठाणातल्या लग्नात आदल्या दिवशी विहिरीचं पाणी आणायला बँड लावून जातात, त्याला तो तिथलाच जुना बँड हवा होता आणि मुलीला डीजे. मी हं हं करत होतो. पवईचा चढ आला, गाडी दणक्यात चढली, प्रेशर जसं पाहिजे तसं वर गेलं आणि उतारावर खाली आलं. मी म्हणालो, "बघ, किती सुंदर चाललंय." मला खरंच सुंदर वाटत होतं.

हायवेला लागलो तेव्हा मीटर ३,४८,६१२ होता. गोरेगाव ओलांडलं. ६१५. ६१६. पास्कलचं बोलणं थांबलं होतं, ते मला नंतर आठवलं. दिंडोशीच्या अलीकडे मीटर ६१७ झाला आणि त्याच वेळी त्याने गाडी डावीकडे सर्व्हिस रोडला घेतली, एका झाडाखाली नीट कडेला लावली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला.

"पाणी पितो जरा."

मी टॅबवर रेकॉर्डिंग सुरू केलं. वेग शून्य. इंजिन ६१२. तापमान ८६. प्रेशर ३५१.

अंगावर काटा आला म्हणतात तसा आला. सगळे आकडे तेच. मी म्हणालो, "गाडी बंद करू नको. चालू राहू दे." आता पडणार प्रेशर, आता कोड येणार, आणि ह्या वेळी मी बसलोय समोर, मला दिसणार नेमकं काय होतं ते. मी त्या रेषेकडे डोळे लावून बसलो. ३५१. ३५०. ३५१. ३५२. ३५१.

मधे कधीतरी पास्कल म्हणाला, "नंदू, जरा..."

मी हात वर केला. "एक मिनिट थांब."

तो थांबला.

रेषा हलली नाही. मी वाट बघितली, अजून वाट बघितली. काही नाही. प्रेशर सरळ, इंजिन शांत, कोड नाही. मला हसू यायला लागलं. दहा दिवसांचा तमाशा आणि शेवटी हे. मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि म्हणालो, "झालं रे पास्कू. काही नाही. सगळं ठीक आहे." आणि त्याच्याकडे बघितलं.

त्याचं डोकं खिडकीला टेकलं होतं. पाण्याची बाटली मांडीवर आडवी, झाकण न उघडलेली. डोळे अर्धे उघडे होते. मी हलवलं, हाका मारल्या, छाती दाबली, जे टीव्हीवर बघितलं होतं ते सगळं केलं. दार उघडून ओरडलो. दोन रिक्षावाले आणि एक भाजीवाला धावत आले. ट्रकची केबिन उंच असते, त्याला खाली घ्यायला आम्हाला चौघांना किती वेळ लागला असेल... एका टेम्पोवाल्याने मागे टाकून हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि मला विचारलं, "त्रास सुरू झाल्यावर किती वेळाने आणलंत?"

मी म्हणालो, "लगेच."

मोठा अटॅक होता. त्या म्हणाल्या, आधी काही लक्षणं असतील ना, दम लागणं, जबडा दुखणं?

दुसऱ्या दिवशी ट्रक मीच आणला. माल कुणीतरी उतरवून नेला होता. नाक्यावर आणून स्कॅनर लावला. एकही कोड नव्हता. मी क्लीअर केलेला नाही, कुणीच केलेला नाही. वर्षभर गाडी माझ्याकडेच सर्व्हिसिंगला होती, मग वाडा तालुक्यातल्या एका माणसाने घेतली. त्याला मी अधूनमधून फोन करतो. मीटर केव्हाच चार लाखांच्या पुढे गेला, दिवा पुन्हा कधी लागला नाही.

मी हे बऱ्याच जणांना दाखवलं. फोटो दाखवले, रेकॉर्डिंग दाखवलं. सर्व्हिस इंजिनिअर म्हणाला की जाऊ दे. एका प्रोफेसरांनी सांगितलं की माणूस नंतर आकडे जुळवतो. मी म्हणालो, फोटो आधीचा आहे हो. ते म्हणाले, उभ्या गाडीचे आकडे साधारण सारखेच असतात. असतात, मान्य आहे. पण किलोमीटर? आणि प्रेशर व्यवस्थित असताना प्रेशरची तक्रार कशाला करत होती ती गाडी? बायको म्हणाली, ती तुला सांगत होती. मी तिच्यावर ओरडलो. सेन्सरला फक्त डिझेल कळतं, माणूस कळत नाही. तीन वायरी आणि पाच व्होल्ट. यापेक्षा जास्त मला आजही काही सांगता येत नाही, आणि कुणाला येत असेल असंही वाटत नाही.

रेकॉर्डिंग चार मिनिटं बारा सेकंदांचं आहे. मी ते किती वेळा बघितलंय त्याला हिशेब नाही. त्यात आवाज नाही, फक्त आकडे. तो "नंदू, जरा" नेमका कुठल्या सेकंदाला म्हणाला ते मी शोधतो. पहिल्या मिनिटात म्हणाला असेल तर कदाचित वाचला असता. चौथ्यात म्हणाला असेल तर कदाचित नाही. रेषा एकदाही हलत नाही, त्यामुळे कळायला मार्ग नाही.

महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे त्याच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, मी भांडुपला गेलो होतो. चर्चमधून सगळे घरी आले, पास्कलच्या बायकोने, ल्युसीवहिनीने, लोकांना जेवायला वाढलं. गर्दी कमी झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. तिने महिनाभर मला काही विचारलं नव्हतं.

"नंदू, शेवटी काही बोलला का रे तो?"

"पाणी पितो म्हणाला."

"अजून?"

"अजून काही नाही."

तिने भाताचं पातेलं जवळ ओढलं. मग म्हणाली, "तू होतास म्हणून मला झोप तरी लागते. रस्त्यात एकटा गेला असता तर मी काय केलं असतं? तू बाजूला होतास. बघत होतास ना त्याच्याकडे?"

मी हो म्हणालो.

तिने माझ्या ताटात अजून भात वाढला आणि मी तो सगळा जेवलो. अजूनही ती कुणी आलं-गेलं की माझ्याकडे बोट दाखवून सांगते, हा होता त्याच्याजवळ.